आजोबा नेमके कोणत्या बोटीवर होते?

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात ‘आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते’ असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत. नातवंडं शोध घ्यायला निघतात, कुठून तरी ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. माझ्या मते अशा अनेक घरांच्या बाबतीत चौकशीच भलत्या दारात झालेली असते.

सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे बोटीवर होते म्हणजे नौदलातच होते. तेव्हाचं नौदल, म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही, लहान होतं. 1939 साली त्यात खलाशी दोन हजारांच्या आतच होते, 1945 पर्यंत ते वीस हजारांच्या वर गेले. याउलट युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे 50,000 हिंदी खलाशी होते. चार खलाशांतला साधारण एक आपल्याकडचा. डेकवरचे सारंग आणि टिंडेल, इंजिनातले आगवाले, सलूनमधले गोव्याचे स्टुअर्ड, सगळे यात आले. त्यांची नोकरी कंपनीची, पण समुद्र तोच आणि धोकाही तोच. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ 23 नोव्हेंबर 1942 रोजी जपानी पाणबुडीने बुडवली. त्यात 280 माणसं गेली. ती लढाऊ जहाजावर नव्हती, म्हणून त्यांच्यातल्या खलाशांची सेवा युद्धसेवा नव्हे असं मी कधीच म्हणणार नाही.

मग ओळखायचं कसं? घरातली जुनी ट्रंक उघडा. सीडीसीचं, म्हणजे खलाशाचं, पुस्तक निघालं तर माणूस व्यापारी जहाजावरचा. त्यातलं प्रत्येक पान नीट वाचा. एका ओळीत जहाजाचं नाव, त्याचा अधिकृत क्रमांक, चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर, हुद्दा, आणि शेवटी वागणुकीचा व कामाचा शेरा. इथे लोक जहाजाचं नाव उतरवून घेतात आणि क्रमांक सोडून देतात. खरं तर क्रमांकच जास्त मोलाचा. एकाच नावाची अनेक जहाजं असत, मालक बदलला की नाव बदले, क्रमांक मात्र सहसा तोच राही. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धकाळातल्या खलाशांच्या याद्या या क्रमांकानुसारच लावलेल्या आहेत. जहाज कधी कुठे गेलं, याची कार्डंही तिथेच मिळतात.

ट्रंकेत पदकं निघाली तर ती उलटून पाहा. हिंदी सैन्यदलांना दिलेल्या पदकांवर पुष्कळदा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं, तेव्हा ब्रासो लावण्याआधी भिंगातून वाचून घ्या. ‘बर्मा स्टार आहे, म्हणजे आजोबा ब्रह्मदेशात लढले’ हेही सरसकट खरं नाही. बंगालच्या उपसागरात जहाजावर काम केलेल्यांनाही तो मिळे.

आता नौदलातल्यांकडे वळू. ‘आजोबा तलवारवर होते’ असं ऐकून नातू इंटरनेटवर युद्धनौकेचा फोटो शोधतो. तो सापडतोही, पण नंतरच्या काळातल्या जहाजाचा! महायुद्धातली ‘तलवार’ कुलाब्याला जमिनीवर होती, ते सिग्नल शाळेचं केंद्र. लोणावळ्याची ‘शिवाजी’, मालाडची ‘हमला’ हीदेखील किनाऱ्यावरचीच ठाणी, नावं मात्र जहाजासारखी. खरी जहाजं वेगळी: सिसिलीच्या स्वारीत गेलेली ‘सतलज’ आणि ‘जमना’, अक्याबजवळ 1942 च्या एप्रिलमध्ये विमानहल्ल्यात बुडालेली ‘इंडस’, दोन जपानी जहाजांशी झुंजलेली छोटी ‘बेंगॉल’. फाळणीनंतर नावंही बदलली. ‘नर्बदा’ आणि ‘गोदावरी’ पाकिस्तानात जाऊन ‘झेलम’ आणि ‘सिंध’ झाल्या, तर ‘किस्तना’ इथे राहून ‘कृष्णा’ झाली.

‘तलवार’वरूनच दुसरा घोळ होतो. नाविकांचा उठाव तिथेच 18 फेब्रुवारी 1946 ला सुरू झाला, म्हणजे महायुद्ध संपून काही महिने उलटल्यावर. आजोबा उठावात होते एवढ्यावरून ते युद्धात होते की नव्हते, काहीच ठरत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

नौदलाच्या नाविकांची कागदपत्रं लंडनलाच असणार, असं धरून चालू नका. आधी मुंबईत मानखुर्दच्या नाविक ब्युरोला नाव, नंबर आणि जन्मगाव कळवून लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. छापील नेव्ही लिस्टमध्ये फक्त अधिकारी असतात, त्यामुळे तिथे नाव नाही म्हणून निराश होऊ नये.

जे परतलेच नाहीत, त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आहे. मुंबई आणि चितगावच्या 1939-45 च्या स्मारकांखाली समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत, आणि त्यांत व्यापारी जहाजांवरचेच बहुसंख्य. शोधताना स्पेलिंगवर अडून बसू नका. साहेबाच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, आडनाव गाळलं, बापाचं नाव पुढे घेतलं. नाव सापडलं की त्याच तारखेची आणि त्याच जहाजावरची बाकीची नावंही उतरवून घ्या. सारंग आपल्याच भागातली माणसं गोळा करून बोटीवर नेई. तेव्हा त्या यादीत शेजारच्या वाडीतला एखादा असू शकतो, आणि त्याच्या घरी कदाचित अजून कुणी काही विचारायला गेलेलं नसेल.