एका कानाचा पावसाळा

उजव्या कानाचं प्रकरण आषाढात सुरू झालं आणि गणपतीपर्यंत मिटलं, असं घरात सगळे सांगतात. मला त्यातली दोन्ही टोकं पटत नाहीत. आषाढात सुरू झाला तो ठणका. कान त्याच्या कितीतरी आधीपासून खाजत होता, मे महिन्यात विहिरीवर पोहणं जोरात होतं तेव्हापासून. मग मृग लागला. हेल्मेटच्या आतलं अस्तर सकाळी ओलं, संध्याकाळीही ओलं, आणि घरात दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेईनात. चिपळूणकडे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चपला, पट्टे, पुस्तकांचे पुठ्ठे, कपाटाच्या आतली बाजू, सगळ्यावर पांढुरका थर चढतो. तो फडक्यानं पुसायचा आणि पुन्हा चढला की पुन्हा पुसायचा, हे इथल्या घरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. हीच हवा आपल्या कानातही असते हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. आणि खाजेला आजार कोण म्हणतो? करंगळी घालून हलवली की बरं वाटतं, माणूस कामाला लागतो.

ठणका लागला तो रात्री. उशीला उजवी बाजू टेकवता येईना. सकाळी भाकरीचा तुकडा चावला तर कळ थेट कानशिलात गेली. एवढ्याशा जागेत एवढं दुखायचं कारण काय, याचं उत्तर कानाच्या बांधणीत आहे. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिचा बाहेरचा एकतृतीयांश भाग कूर्चेचा. केस तिथेच, मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच. आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा. तिथली कातडी अतिशय पातळ आणि हाडाला जवळजवळ चिकटलेली, मध्ये चरबीची गादी नाही. सूज आली की तिला पसरायला जागाच नसते. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढ्यात, म्हणून घास चावतानाही बोंब.

आईनं तोवर लसणाच्या पाकळ्या टाकून खोबरेल गरम करायला घेतलं होतं. या तेलावरून आमच्याकडे पुढचे तीन महिने जे वाद झाले त्यांची बाजू-प्रतिबाजू मला अजून तोंडपाठ आहे. आईच्या बाजूनं परंपरा भक्कम आहे, हे मान्यच करायला हवं. वाग्भटानं दिनचर्येत डोकं, कान आणि तळपाय यांना तेल विशेष करून लावायला सांगितलं आहे, आणि सुश्रुतानं कानाचे रोग मोजले ते 28. आपल्याकडे कानाकडे दुर्लक्ष झालं असं कुणी म्हणू नये. पण रोजच्या दिनचर्येतलं तेल वेगळं आणि सुजलेल्या, ओलसर, पाझरणाऱ्या नळीत ओतलेलं तेल वेगळं. ज्या कानाच्या डॉक्टरांकडे मी शेवटी गेलो ते म्हणाले, ‘‘पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या कानातून मी आधी तेल काढतो, मग आजार शोधतो.’’ आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘त्यांना सांग, तुमच्या आईनंही घातलं असेल लहानपणी.’’ डॉक्टरांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ‘‘घातलं ना!’’

त्यांची तपासणी फार साधी होती. कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला जो मऊ उंचवटा असतो तो त्यांनी दाबला. मी खुर्चीतून उठलोच. पडद्यामागचा, म्हणजे मधला कान बिघडला असेल तर हा उंचवटा दाबून किंवा कान ओढून सहसा फारसं दुखत नाही. बाहेरची नळी सुजली असेल तर नुसतं बोटही सहन होत नाही. मग दुर्बिणीतून बघत बारीक नळीनं आतली घाण ओढून घेतली. ते काही सुखाचं नसतं. सक्शनचा आवाज डोक्यातच वाजतो. पण औषध आत जायचं तर आधी जागा व्हायला हवी. नळी इतकी मिटली होती की थेंब वरच्या वर राहिले असते, म्हणून त्यांनी गॉजची अरुंद पट्टी काळ्या औषधात बुडवून कानात भरली.

त्या काळ्या औषधाला डांबरासारखा वास होता. इक्थॅमॉल आणि ग्लिसरीन. ग्लिसरीन सुजेतलं पाणी ओढून घेतं, इक्थॅमॉल दाह कमी करतं. घरी आल्यावर मी त्याची कुळकथा वाचली आणि दुखणं थोडा वेळ विसरलो. टायरॉलच्या डोंगरांत प्राचीन माशांचे अवशेष असलेला एक तेलकट खडक मिळतो. त्यातून काढलेल्या तेलावर प्रक्रिया करून हे औषध बनलं, आणि 1880च्या दशकात हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना या त्वचारोगतज्ज्ञांनी ते प्रचारात आणलं. मासळी खाणाऱ्या कोकणातल्या कानात आल्प्सचे अश्मीभूत मासे. आईला हे सांगितल्यावर तिचा या औषधावरचा राग थोडा निवळला, कारण शेवटी तेही तेलच निघालं.

पट्टी निघाली आणि ठणका गेला. नंतर थेंब सुरू झाले, जंतुनाशक आणि सूज उतरवणारं औषध एकत्र असलेले. त्यांची एक शिस्त असते. बाटली आधी मुठीत धरून अंगाच्या उबेला आणायची, मग कुशीवर पडायचं, थेंब सोडायचे, तो उंचवटा हलक्या हातानं दाबायचा म्हणजे हवा बाहेर येते आणि औषध आत उतरतं. मग तसंच पाच मिनिटं पडून राहायचं. एका सकाळी पत्नी घाईत होती, तिनं बाटली फ्रीजजवळच्या गार फडताळातून काढून तशीच ओतली आणि मला खोली फिरताना दिसली. कान गार पडला की तोल सांभाळणाऱ्या आतल्या नलिकांतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. व्हिएन्नात रॉबर्ट बारानी कान धुताना रुग्णांना चक्कर का येते याच्या मागे लागले, आणि पाणी गार की गरम यावर डोळ्यांची थरथर कोणत्या दिशेला होते ते त्यांनी बसवलं. 1914चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना तोल सांभाळणाऱ्या या यंत्रणेवरच्या कामासाठी मिळालं. ती बातमी आली तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते, महायुद्ध सुरू झालं होतं. पलंगाची कड धरून पडलेल्या माणसाला ही माहिती त्या क्षणी काही उपयोगाची नसते.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला लावली होती. मला ते उगाच वाटलं. कानाचा आणि साखरेचा काय संबंध? संबंध मोठा आहे. मधुमेही, विशेषतः वयस्कर मधुमेही माणसाच्या कानातला स्यूडोमोनास नावाचा जंतू नळीतच थांबेल असं नाही, तो कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोचू शकतो. या प्रकाराचं पहिलं वर्णन 1959मध्ये झालं, 1968मध्ये चँडलर या डॉक्टरांनी त्याला ‘मॅलिग्नंट’ म्हटलं. कॅन्सर नव्हे, पण माणसं दगावत, म्हणून ते नाव. 1980च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सॅसिन आल्यावर चित्र पुष्कळ बदललं, तरी मधुमेह असलेल्या माणसाचा ठणकणारा कान आजही कुणी हलक्यानं घेऊ नये. माझी साखर बरोबर निघाली.

श्रावण लागला तसं मी सगळ्यांना ‘बरा आहे’ म्हणायला लागलो. दुखत नव्हतंच. पण खाज परत आली, आणि अशी की रात्री तीनला जाग यावी. कानाला दडा बसला. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि मला स्क्रीनवर दाखवलं: भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी. जंतुनाशकानं जंतू मारले, रिकाम्या झालेल्या दमट जागेत बुरशीनं बस्तान मांडलं. हे नेहमीचं आहे, विशेषतः आपल्या हवेत. पूर्वी घोळ उलटा होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर सैनिकांचे कान मोठ्या प्रमाणावर बिघडले, तेव्हा उष्ण प्रदेशातल्या या कानाचा दोष डॉक्टर मंडळी बुरशीवरच टाकत. नंतर नीट तपासल्यावर बहुतेक ठिकाणी स्यूडोमोनासच सापडला.

माझ्या कानातली काळी बुरशी ॲस्परजिलस नायजर असावी, असं डॉक्टर म्हणाले. हिचंही चरित्र मजेदार आहे. सरबतात, ढोकळ्यात, जॅममध्ये आपण जे सायट्रिक ॲसिड घालतो ते गेली शंभर वर्षं कारखान्यात हीच बुरशी साखरेवर वाढवून तयार करतात. मे महिन्यात कैरीच्या सरबताला जिचा हातभार लागला, तीच श्रावणात कानात. क्लोट्रिमॅझोलचे थेंब सुरू झाले आणि सांगितलं गेलं की बरं वाटलं तरी थांबायचं नाही, दोन-तीन आठवडे पूर्ण करायचे.

खरं काम इथून पुढचं होतं, आणि ते थेंबांचं नव्हतं. कान कोरडा ठेवायचा. कोकणात, श्रावण-भाद्रपदात. आंघोळीला व्हॅसलिन चोपडलेला कापसाचा बोळा. आंघोळ झाली की तो लगेच काढायचा, नाहीतर तोच दमटपणा धरून बसतो. बाकी वेळी कान उघडा, इअरफोन बंद. हेल्मेटचं अस्तर रोज पंख्याखाली. पोहणं तर विसरायचंच. यातलं एकेक सोपं आहे. अवघड होतं ते काही न करणं: न कोरणं, न पुसणं, बोट न घालणं. ठणका असताना माणूस आपण होऊन कानापासून हात दूर ठेवतो. खाज मात्र हाताला बोलावते, आणि खाजवलेल्या ओरखड्यातून पुन्हा तेच सुरू होतं.

गणपतीत दडा उतरलेला नव्हता. आरतीला उभं राहिलं की दुसऱ्यांचा आवाज लांबून आणि स्वतःचा मात्र डोक्यात घुमणारा. नळी बंद असली की आपला आवाज हाडांतून येऊन आतच कोंडतो. मला वाटलं मी छान गातोय. पुतण्यानं खूण करून आवाज कमी करायला सांगितलं. ढोल-ताशा डाव्या कानानं ऐकला. लोक उजवीकडून काही बोलले की मी हसून मान हलवत असे, आणि त्यात दोन जणांना वर्गणी कबूल करून बसलो होतो हे मागाहून कळलं.

घटस्थापनेच्या सुमारास पाऊस ओसरला आणि खाजही. या काळात कानाच्या आत काय चाललं होतं ते मला सगळ्यात आवडलेलं आहे. कानाच्या नळीची कातडी इतर कातडीसारखी जागच्या जागी झडत नाही. ती पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला सरकत येते, साधारण नख वाढतं त्या गतीनं, आणि येताना जुना मळ, धूळ, पापुद्रे सगळं दाराशी आणून टाकते. 1920च्या दशकात अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग यांनी काडीला कापूस गुंडाळून विकायला सुरुवात केली. त्या काडीनं आपण शंभर वर्षं हा माल उलटा आत ढकलतो आहोत. आमच्या घरातली डबी आता पत्नी शिलाई मशीन पुसायला वापरते. त्या कामाला ती उत्तम आहे.

दिवाळीच्या आधी शेवटचं दाखवायला गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं आणि समाधानानं म्हणाले, ‘‘मळ धरायला लागला आहे.’’ सूज आणि पाण्यानं मळ वाहून गेलेला असतो. मळ आम्लधर्मी, पाणी न टिकू देणारा. त्याचा पातळ थर पुन्हा चढला की नळी स्वतःची राखण करायला लागते. मे महिन्यात विहिरीत उतरायला हरकत नाही, असंही त्यांनी सांगितलं, फक्त वर आल्यावर मान कलती करून पाणी काढायचं. घरी येऊन आईला म्हटलं, कानात मळ झालाय, डॉक्टर खूश आहेत. ती करंज्यांचं सारण ढवळत होती. म्हणाली, ‘‘लहानपणी मी तो काढायला दर रविवारी तुझ्या मागे धावायची. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे गुडघे वाचले असते.’’