मार्कडाउनमध्ये ओळ कशी तोडायची?

समजा तुम्ही मार्कडाउन एडिटरमध्ये पत्राचा मायना टाइप केलात :

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
शासकीय विद्यालय

प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबलंत. पण प्रीव्ह्यू उघडून बघता तर काय :

प्रति, मा. मुख्याध्यापक, शासकीय विद्यालय

पत्राची सगळी मांडणीच गेली! घाबरू नका, एडिटर बिघडलेला नाही.

असं का होतं?

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन तयार केलं, ते साध्या ई-मेलची लिहिण्याची पद्धत डोळ्यांसमोर ठेवून. त्या ई-मेलमध्ये ओळ फार लांब होऊ नये म्हणून लोक वाक्याच्या मधेच एंटर दाबत. वाक्य मात्र पुढे चालूच असे. म्हणून मार्कडाउन एका एंटरचा अर्थ फक्त एक मोकळी जागा असा घेतं. ओळ खरंच संपली, हे त्याला वेगळं सांगावं लागतं.

सांगण्याच्या पद्धती

१. मुद्दा बदलला तर दोनदा एंटर दाबा. मधे एक रिकामी ओळ राहिली की नवा परिच्छेद सुरू होतो.

२. मुद्दा तोच, पण ओळ नवी हवी असेल, तर ओळीच्या शेवटी दोनदा स्पेस देऊन एंटर दाबा. पत्ता, कविता यांना हेच लागतं.

३. ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्या आणि एंटर दाबा :

प्रति,\
मा. मुख्याध्यापक,\
शासकीय विद्यालय

शेवटच्या ओळीला ही रेघ देऊ नका. पुढे ओळच नसल्यामुळे ती तशीच छापली जाईल.

दुसरी आणि तिसरी पद्धत काम एकच करतात. मग फरक काय? स्पेस डोळ्यांना दिसत नाहीत. काही एडिटर फाइल सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस काढूनही टाकतात. काल नीट दिसणारी कविता आज सलग झाली, तर आधी हे तपासा. रेघ निदान दिसते तरी! पण जुन्या धाटणीच्या काही प्रोग्रॅमना ती कळत नाही.

लक्षात ठेवा : सगळीकडे नियम सारखा नसतो. गिटहबवर प्रतिक्रिया लिहिताना एका एंटरनेही ओळ तुटते. तोच मजकूर तिथल्याच रीडमी फाइलमध्ये टाकला, तर ओळी जोडल्या जातात. म्हणून मजकूर जिथे दाखवायचा, तिथलाच प्रीव्ह्यू बघा.

स्वाध्याय : तुमच्या घरचा पत्ता चार ओळींत लिहा. आधी नुसतं एंटर, मग दोन स्पेस, मग तिरकी रेघ वापरा. तिन्ही वेळा प्रीव्ह्यूत काय दिसलं, ते वहीत नोंदवा. एकदा हाताने करून पाहिलंत, की परत विसरणार नाही!