आम्ही कोल्हापूरचे, मग आमचे खासदार हातकणंगलेचे कसे?



आठवीच्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोन पाठ एकमेकांपासून लांब पडलेले आहेत. एक 'महाराष्ट्र राज्याची निर्मिती', दुसरा 'भारताची संसद'. पहिल्यात तारखा पाठ करायच्या, दुसऱ्यात आकडे पाठ करायचे. राज्य स्थापना १ मे १९६०, महाराष्ट्राचे लोकसभा सदस्य ४८, राज्यसभा सदस्य १९. मुलं लिहितात, मार्क पडतात, विषय संपतो. माझ्याकडेही बरीच वर्षं असंच चाललं होतं.

एकदा वर्गात मी सहज विचारलं, "आपले खासदार कोणत्या मतदारसंघाचे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "कोल्हापूर!" मी म्हटलं, "चूक. हातकणंगले." मागच्या बाकावरचा एकजण उठला. "सर, पूल ओलांडला की कोल्हापूर. हातकणंगले कुठं लांब! मग आपण कोल्हापूरचे न्हवं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. 'तशी रचना आहे' असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटलं, याच प्रश्नाला धरून दोन्ही पाठ एकत्र शिकवता येतील. पुढे तसं करून बघितलं. ते कसं केलं, ते इथे मांडतो. तुमच्या गावाची नावं घालून तुम्हालाही करता येईल.

आधी पत्ता लिहायला लावा

फळ्यावर आपल्या गावाचा पूर्ण पत्ता लिहा. आमचा असा : पुलाची शिरोली, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर. आमच्या भागात शिरोळ तालुका वेगळा आहे आणि करवीर तालुक्यात शिरोली दुमाला आहे, त्यामुळे मुलांचा इथेच पहिला गोंधळ होतो. तो आधी निस्तरा.

आता त्याच्याशेजारी दुसरा पत्ता लिहा, मतदाराचा. विधानसभा : हातकणंगले. लोकसभा : हातकणंगले.

मग लोकसभा मतदारसंघाचे सहा तुकडे लिहा : हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ, शाहूवाडी, इस्लामपूर, शिराळा. यातले शेवटचे दोन सांगली जिल्ह्यातले! म्हणजे आमच्या खासदारांचा मतदारसंघ सह्याद्रीतल्या आंबा घाटापासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत पसरलेला आणि त्यात दोन जिल्हे. उलट, शिरोलीच्या पुलापलीकडचं कोल्हापूर शहर दुसऱ्या मतदारसंघात. ज्या मुलांचे वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातात, त्यांना सांगा, तो भाग करवीर तालुक्यात आणि कोल्हापूर लोकसभेत येतो. सकाळी घरातून निघून बाबा एका मतदारसंघातून दुसऱ्यात जातात आणि संध्याकाळी परत येतात.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. जिल्हा ही कारभाराची रेषा आहे : सातबारा, कलेक्टर, तहसीलदार. मतदारसंघ ही प्रतिनिधित्वाची रेषा आहे : कोणाचं म्हणणं कोण मांडणार. दोन्ही रेषा एकच असतील असं नाही. आणि एमआयडीसी ही तिसरीच रेषा. तिच्या पाट्या सगळीकडे दिसतात म्हणून मुलांना ती गावासारखी वाटते. पण एमआयडीसीला सरपंच नसतो, आमदार नसतो. तिथल्या कामगाराचं मत तो जिथे राहतो तिथल्या यादीत असतं.

वारणेच्या दोन काठांची गोष्ट

आता मागे जाऊया. इस्लामपूर आणि शिरोली आज एका मतदारसंघात आहेत. १९३७ साली काय होतं?

वारणेच्या पलीकडचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मुंबई प्रांतात. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. मतदानाचा हक्क सगळ्यांना नव्हता. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या. तरी तिथल्या काही लोकांनी मत दिलं.

अलीकडे कोल्हापूर संस्थान. इथल्या कोणीच त्या निवडणुकीत मत दिलं नाही, कारण संस्थानची प्रजा त्या विधानसभेच्या कक्षेतच नव्हती.

यावरून 'संस्थान म्हणजे मागास' असा अर्थ मुलांनी काढू नये, याची काळजी घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सुधारणा होत्या, पण राज्यकर्ता निवडण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार लोकांच्या हातात नव्हता. चांगला राजा मिळणं आणि आपला प्रतिनिधी आपण निवडणं यात फरक काय, हा प्रश्न वर्गात जरूर टाका. आमच्याकडे यावर पाऊण तास चर्चा झाली, तास संपल्याची घंटाही कोणी ऐकली नाही.

हाच अधिकार मागण्यासाठी माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्यासारख्यांनी प्रजा परिषदेची चळवळ उभी केली. रत्नाप्पाण्णा शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले. आपल्या शेजारच्या तालुक्यातला माणूस देशाचं संविधान घडवणाऱ्या सभेत बसला होता, हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी पलीकडे दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

मतपेटीतून राज्य घडलं

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, मताचा अधिकार मिळाला. जमीन नको, शिक्षणाची अट नको. आपल्या भागात तेव्हा 'कोल्हापूर-सातारा' असा जोड मतदारसंघ होता.

मग आला राज्यांच्या पुनर्रचनेचा प्रश्न. फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी देशाचा नकाशा बदलला. मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले. पण गुजरातही त्याच राज्यात ठेवला गेला. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. निपाणी मात्र पलीकडे राहिली. आमच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलांची मावशी किंवा आत्या निपाणीकडे असतेच. घरात भाषा एकच, पण मावशीचं मत कर्नाटकातल्या चिक्कोडी मतदारसंघात आणि आईचं हातकणंगलेत. सीमाप्रश्न समजावायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलं नाही.

१९५७ ची निवडणूक इथे सांगायलाच हवी. संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन समिती उभी राहिली आणि पश्चिम महाराष्ट्रात तिने सत्ताधारी काँग्रेसला मोठा धक्का दिला. कोल्हापूर तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा समितीतल्या पक्षांकडे गेल्या : एक शेतकरी कामगार पक्षाकडे, एक शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडे. (दोन सदस्यांची ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.) तीन वर्षांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झालं.

मुलांना हा दुवा दाखवा. हुतात्म्यांचं बलिदान, मोर्चे, सत्याग्रह हे पुस्तकात असतंच. त्याच्या जोडीला लोकांनी मतपेटीतूनही सांगितलं होतं की आम्हाला कोणतं राज्य हवं. 'राज्याची निर्मिती' आणि 'संसद' हे दोन पाठ इथे एकमेकांना भेटतात.

बाराचे दहा का झाले?

आता आजच्या नकाशाकडे. १९७७ ते २००४ पर्यंत आमचा लोकसभा मतदारसंघ 'इचलकरंजी' नावाने ओळखला जायचा. २००९ पासून तो हातकणंगले. आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा आधी १२ होत्या, त्या १० झाल्या. पन्हाळा, सांगरूळ, गडहिंग्लज, वडगाव ही मतदारसंघांची नावं गेली. ती गावं कुठे गेली नाहीत, फक्त दुसऱ्या मतदारसंघांत वाटली गेली. घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा, जुनी नावं त्यांच्या तोंडात अजून आहेत.

हे का झालं? विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या. पण २००१ च्या जनगणनेप्रमाणे त्यांची वाटणी नव्याने झाली. ठाणे-पुण्याकडची लोकसंख्या झपाट्याने वाढली होती, तिकडे जागा वाढल्या. मग कुठेतरी कमी होणारच. आपल्या भागातून जी माणसं पोटासाठी मुंबई-ठाणे-पुण्याला गेली, त्यांच्यामागून जागाही गेल्या म्हणा ना.

ही रचना करतं कोण? परिसीमन आयोग, म्हणजेच मतदारसंघ पुनर्रचना आयोग. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, विद्यमान किंवा निवृत्त, त्याचे अध्यक्ष असतात. लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकल्या जातात. पण एकदा अंतिम आदेश निघाला की त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असं संविधानाचं कलम ३२९ सांगतं. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा कोणत्या, हेही याच वेळी ठरतं. आमचा हातकणंगले विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. 'सर, आपलाच का?' असं मूल विचारतं, तेव्हा टाळू नका. ज्या समाजांना शतकानुशतकं बोलूच दिलं नाही, त्यांचा आवाज सभागृहात असावा म्हणून ही तरतूद आहे, आणि त्या जागेवर मत सगळे मतदार देतात, हे नीट सांगा.

राज्याराज्यांतली लोकसभेच्या जागांची वाटणी मात्र १९७१ च्या जनगणनेवर थांबवलेली आहे. १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती आणि नंतरची ८४ वी दुरुस्ती, यांनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत ती तशीच ठेवायची ठरली. कारण? लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत. पण मग वाढलेल्या राज्यातल्या माणसाच्या मताची किंमत कमी होते, त्याचं काय? दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा हा विषय आहे. वर्गात वाद होऊ द्या, निकाल आपण देऊ नये.

पंधरा चौकोनांचा खेळ

रेषा कुठे मारली यावर निकाल कसा बदलतो, हे सांगून कळत नाही. करून बघावं लागतं.

१५ मुलं घ्या. ९ जणांना खो-खो हवा, ६ जणांना क्रिकेट. पाच-पाचचे तीन 'मतदारसंघ' करा. प्रत्येक गटातून बहुमताचा एक प्रतिनिधी.

पहिली रचना : प्रत्येक गटात ३ खो-खोवाले, २ क्रिकेटवाले. निकाल, खो-खो ३, क्रिकेट ०.

दुसरी रचना : एका गटात पाचही खो-खोवाले. उरलेल्या दोन्ही गटांत २ खो-खोवाले, ३ क्रिकेटवाले. निकाल, खो-खो १, क्रिकेट २.

मुलं तीच, आवड तीच, मतंही तीच. फक्त रेषा बदलली. आमच्या वर्गात क्षणभर शांतता, मग एकदम गलका : "सर, ही चीटिंग हाय!" मग मी विचारलं, "बरं, मग पहिली रचना बरोबर का? सहा जणांचा एकही प्रतिनिधी नाही." पुन्हा शांतता. रेषा आखणारा निष्पक्ष का हवा, हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागलं नाही.

जाता जाता, सगळ्यात अवघड प्रश्न

शिरोली भागातल्या वर्गांत फाउंड्री कामगारांची मुलं असतात. कोणी बिहारचं, कोणी उत्तर प्रदेशचं, कोणी कर्नाटकातलं. हा पाठ चालू असताना त्यांच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हमारा खासदार कौन?" तिच्या वडिलांचं नाव गावाकडच्या यादीत. मतदानाला जायचं तर दोन दिवसांचा प्रवास आणि बुडालेली हजेरी. ते जात नाहीत.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मतदारसंघ लोकसंख्येवर ठरतात, नुसत्या मतदारांवर नाही. म्हणजे जनगणनेत तू जिथे मोजली जातेस तिथल्या आकड्यात तू आहेस, अठरा वर्षांची नसलीस तरी. दोन, माणूस जिथे कायम राहतो तिथल्या मतदार यादीत त्याला नाव आणता येतं. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि ते हलवण्यासाठी फॉर्म ८ भरायचा असतो.

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं की पप्पा विचार करतायत, पण गावचं नाव काढायला मन होत नाही. मी त्यावर काही बोललो नाही. तो निर्णय त्यांचा आहे.

पालकांना एक विनंती. आज रात्री जेवताना मुलांना तुमचं मतदार ओळखपत्र दाखवा. त्यावरच्या मतदारसंघाचं नाव वाचायला लावा. आजीच्या वेळी हे नाव काय होतं, तेही विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावाच्या रेषा कशा बदलल्या ते मुलांकडून शोधून घ्या. मला मागच्या बाकावरच्या एका प्रश्नाने हे शिकवलं. तुमच्याही वर्गात असा कोणीतरी बसलेला असेल, त्याला 'तशी रचना आहे' असं सांगून खाली बसवू नका.