वाऱ्याच्या नावाची अक्षरं

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून भूमध्य समुद्राकडे एक थंड, कोरडा वारा सुटतो. त्याचं नाव मिस्त्राल. मार्सेयच्या फाउंड्री ऑलिव्ह या टाइप ओतणाऱ्या कारखान्याने १९५३ साली रोमन लिपीचा एक नवा टाइप बाजारात आणला आणि त्याला आपल्या गावच्या या वाऱ्याचं नाव दिलं.

नाव ऐकलं नसलं तरी तुम्ही हा टाइप पाहिला असण्याचीच शक्यता जास्त. एका दमात, जाडसर ब्रशने लिहिल्यासारखी, हातात हात घातलेली अक्षरं. कडा किंचित खडबडीत, शेपट्या ओळीच्या खाली लांब झोकात गेलेल्या. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर मिस्त्राल असंख्य संगणकांत जाऊन बसला. २०११च्या ‘ड्राइव्ह’ या चित्रपटाची गुलाबी अक्षरांतली नामावली याच टाइपात आहे.

तो घडवला रोझे एक्सकोफों या मार्सेयमध्येच जन्मलेल्या चित्रकार-रचनाकाराने. फाउंड्रीचे मालक मार्सेल ऑलिव्ह हे त्याचे मेहुणे. त्याने आधाराला घेतलं ते स्वतःचंच हस्ताक्षर. ऐकायला सोपं वाटतं, पण ते वर्ष १९५३ आहे. अक्षर म्हणजे तेव्हा शिशाच्या मिश्रधातूचा खिळा, आणि खिळ्याच्या कडा सरळ, कापलेल्या.

आपण हाताने लिहितो तेव्हा पुढचं अक्षर कोणतं येणार हे हाताला आधीच माहीत असतं. त्याप्रमाणे शेपूट वर जाते, खाली वळते, कधी तुटते. खिळ्याला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या शेजारी जुळारी कोणताही खिळा आणून बसवणार. म्हणून प्रत्येक अक्षराची बाहेर पडणारी रेषा खिळ्याच्या उजव्या कडेला ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या जाडीने पोचली पाहिजे. पुढच्या अक्षराने ती डाव्या कडेवर नेमकी तिथेच उचलून घेतली पाहिजे. केसभर फरक पडला की फट दिसते. आणि सगळे सांधे असे एकसारखे केले की दुसरंच संकट येतं. अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं दिसू लागतं, त्यातला माणूस निघून जातो.

एक्सकोफोंचं मोठेपण मला इथे वाटतं. सांधे त्याने शिस्तीत ठेवले, पण सांध्यांच्या मधलं अंग मोकळं सोडलं. एक अक्षर भरलेलं, दुसरं हलकं. एकाचा पाय खोल गेलेला, दुसऱ्याचं डोकं उंच. नजर या चढउतारात इतकी रमते की सांधा शोधायला थांबतच नाही.

मराठी वाचकाला ही अडचण परकी नाही. आपली अक्षरं पायाशी जुळत नाहीत, माथ्याशी जुळतात, पण खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषेचा पेच हाच होता. घरात आजोबांच्या वेळचं एखादं पुस्तक असेल तर भिंगाखाली धरून पाहा. झिजलेल्या खिळ्यांमधून शिरोरेषा जागोजागी तुटलेली दिसेल. मोडी लिहिणारे तर आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. जोडणी पहिली, अक्षर नंतर.

टाइप आणि हाताने काढलेलं शीर्षक यांतला फरकही इथेच कळतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटली, ती त्या त्या शब्दांसाठी. तिथल्या वेलांटीला फक्त त्या एका शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचं होतं. टाइप करणाऱ्याला मात्र अजून कोणी न लिहिलेल्या शब्दांचीही तयारी ठेवावी लागते. संगणकाने हे ओझं पुष्कळ हलकं केलं. हेरमान त्साफ यांच्या १९९८च्या ‘त्साफिनो’त एकेका अक्षराची अनेक रूपं आहेत आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत शेजारी पाहून रूप बदलण्याची सोय आहे. आज पडद्यावर आपली जोडाक्षरं जुळतात तीही याच जातीच्या तंत्राने.

वापराविषयी मात्र मी आग्रही आहे. मिस्त्रालसारखा टाइप थोड्या शब्दांसाठी आणि मोठ्या आकारात वापरावा. कॅफेची पाटी, चित्रपटाचं नाव, निमंत्रणावरची दोन नावं एवढं त्याचं क्षेत्र. परिच्छेद त्यात लावला की तिसऱ्या ओळीला डोळे थकतात, कारण लहान अक्षरांचा मधला भाग बुटका आणि शेपट्या लांब असतात. सगळी कॅपिटल अक्षरं तर कधीच लावू नयेत. ती शब्दाच्या सुरुवातीला एकटं उभं राहण्यासाठी काढलेली असतात, एकापुढे एक ठेवली की सगळ्यांचे फराटे एकमेकांत अडकतात. एका लग्नपत्रिकेवर वधूवरांची इंग्रजी नावं मी अशी छापलेली पाहिली. आडनावापर्यंत पोचायला मला दोनदा वाचावं लागलं. कागद उत्तम होता, सोनेरी छपाई सुरेख होती, म्हणून अधिकच हळहळ वाटली.

आणखी एक चूक सर्रास दिसते. नाव लांब दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं जातं. इतर टाइपांत ते चालून जातं. इथे प्रत्येक सांधा उखडतो आणि अर्धवट रेषा हवेत लोंबत राहतात. नाव रुंद हवं असेल तर आकार वाढवावा, अंतर आहे तसंच ठेवावं.