चाळिशीजवळ आयटीआय: अडसर वयाचा नाही

ऑफिसची नोकरी सोडून वीजकाम शिकायचा विषय निघाला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: या वयात आयटीआयला कोण घेणार? हा गैरसमज चटकन दूर होण्यासारखा आहे. आयटीआय प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे, कमाल वयाची अट नाही. फलकावर 'वीजतंत्री' असं नाव असलेल्या आणि सगळे इलेक्ट्रिशियन म्हणतात त्या अभ्यासक्रमाला गणित-विज्ञानासह दहावी लागते. म्हणजे वाणिज्य शाखेचा पदवीधर ३८व्या वर्षीही अर्ज करू शकतो. अडतं ते हजेरीपाशी. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, नियमित उपस्थितीचा आणि कार्यशाळेत उभं राहून शिकण्याचा आहे. नोकरी सांभाळून फावल्या वेळात तो होत नाही. वयाची काळजी करणाऱ्याने खरं तर घरखर्चाची काळजी आधी करायला हवी.

बाकीचे गैरसमज वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. हातकामाला डोकं लागत नाही, असं काही जण मानतात. प्लंबर-इलेक्ट्रिशियन इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतात, असं काही जण हेव्याने सांगतात. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. हे काम अंगात मुरायला वर्षं लागतात, ही गोष्ट दोघांच्याही हिशेबात नाही. एक नेहमीचा बिघाड घ्या. घराचं नूतनीकरण झालं आणि त्यानंतर एका खोलीतलं बटण दाबलं की शॉकपासून वाचवणारी आरसीसीबी ट्रिप होऊन सगळं घर अंधारात जातं. घरच्यांना वाटतं, उपकरण खराब आहे. पण आरसीसीबी एवढंच पाहते की फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला का. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या फरकाला सर्किट तोडते. नूतनीकरणात कुणी या सर्किटचा न्यूट्रल, आरसीसीबीतून न जाणाऱ्या दुसऱ्याच न्यूट्रलला जोडला असेल, तर प्रवाह इथून जातो आणि भलतीकडून परततो. उपकरण ठणठणीत असूनही आरसीसीबी ट्रिप होते, आणि तिचं काही चुकलेलं नसतं. जाणकार माणूस मेन बंद करतो, न्यूट्रल एकेक करून सुटा करतो, मेगरने इन्सुलेशन तपासतो आणि ज्या बोर्डात दोन न्यूट्रल एकत्र पिळले आहेत तो शोधून काढतो. अर्धवट शिकलेला आरसीसीबीच बायपास करतो. दिवे दोन्ही वेळा लागतात; दुसऱ्या वेळी मात्र शॉक लागला तर वाचवणारं काही उरत नाही.

म्हणूनच 'तीन महिन्यांचा कोर्स केला की काम सुरू' या समजुतीची मला सर्वात जास्त धास्ती वाटते. अल्पमुदतीचे कोर्स टाकाऊ नाहीत, ओळख करून घ्यायला ते चांगलेच आहेत. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडून, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. वायरमन, पर्यवेक्षक, कंत्राटदार अशा पायऱ्या आहेत आणि त्या चढायला वेळ जातो. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा तिथल्या पगारांची चर्चा झाली. त्याच देशात इलेक्ट्रिशियन घडवायला साधारण साडेतीन वर्षे देतात, आणि पुढची 'माइस्टर' ही पात्रता तिथल्या राष्ट्रीय आराखड्यात पदवीच्या पातळीवर, सहाव्या स्तरावर धरली आहे, याची चर्चा फारशी झाली नाही.

यावर कुणी म्हणेल, आमच्याकडे येणारा इलेक्ट्रिशियन वीस मिनिटांचे केवढे पैसे घेतो! घेतो, पण त्या वीस मिनिटांत येण्याजाण्याचा वेळ, हत्यारं, पावसाळ्यातले रिकामे दिवस आणि न मिळणारा भविष्यनिर्वाह निधी, सगळं आलं. नवख्याची सुरुवात तर त्याहून खालून होते. शिकाऊ उमेदवारीच्या २०१९च्या नियमांत आयटीआय उत्तीर्णाला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. शाळेत जाणारी मुलं आणि घराचा हप्ता असलेल्या माणसाने हा आकडा कागदावर लिहून, अभ्यासक्रमाची दोन आणि उमेदवारीचं किमान एक अशा तीन वर्षांचा खर्च त्याच्याशेजारी मांडून पाहावा. जमत नसेल तर आणखी दोन वर्षं पैसे साठवून मग राजीनामा देणं हेच शहाणपणाचं.

शरीराचाही प्रश्न आहे. शिडी, गुडघे, खांदे. विशीतला मुलगा सहज करतो ते चाळिशीत जपून करावं लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऑफिसात घालवलेली वर्षं वाया गेली, ही समजूत मात्र चुकीची आहे. या धंद्यात साहेब नसला तरी ग्राहक असतो, त्याला लेखी अंदाजपत्रक हवं असतं, आणि उलाढाल वर्षाला वीस लाखांपुढे गेली की सेवांवरच्या जीएसटीची नोंदणी करावी लागते. उत्तम हात असलेले कितीतरी कारागीर इथेच मार खातात: तोंडी भाव सांगतात, वाढीव काम लिहून ठेवत नाहीत, उधारी मागायला संकोचतात. पंधरा वर्षं बिलं तपासलेल्या माणसाला हे येतंच. त्याला शिकायचं आहे ते न्यूट्रल कुठे पिळला गेलाय हे शोधणं.