कोपा करंडक

कोपा करंडक हा जगातील २१ वर्षांखालील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूला दिला जाणारा वार्षिक आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे. 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच नियतकालिकाने तो २०१८ मध्ये सुरू केला. बॅलन डी'ओर पुरस्काराच्या सोहळ्यातच त्याचे वितरण होते. २०२५ पासून महिला खेळाडूंसाठी स्वतंत्र करंडक देण्यात येऊ लागला. त्याची पहिली मानकरी ठरलेली स्पेनची विकी लोपेझ हिने तीन वर्षांपूर्वी ठाणे जिल्ह्यातील नेरूळ येथे १७ वर्षांखालील महिला विश्वचषक जिंकला होता.

नाव

रेमंड कोपा (१९३१–२०१७) या फ्रेंच खेळाडूच्या नावावरून हा करंडक ओळखला जातो. पोलंडमधून आलेल्या खाणकामगार कुटुंबात जन्मलेले कोपा किशोरवयातच कोळशाच्या खाणीत उतरले आणि तेथील अपघातात त्यांनी हाताचे एक बोट गमावले. पुढे रेआल माद्रिदकडून त्यांनी १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे युरोपियन चषक जिंकला आणि १९५८ मध्ये बॅलन डी'ओर मिळविला.

त्या काळी फ्रान्समधील व्यावसायिक खेळाडू वयाच्या पस्तिशीपर्यंत आपल्या क्लबशी बांधलेला असे. १९६३ मध्ये कोपा यांनी या पद्धतीला जाहीरपणे गुलामगिरी म्हटले व त्याबद्दल त्यांच्यावर कारवाईही झाली. मुदतीचे करार फ्रान्समध्ये १९६९ मध्ये रूढ झाले, तोवर कोपा यांची कारकीर्द संपली होती. कोवळ्या वयात कराराने बांधल्या जाणाऱ्या खेळाडूंच्या पुरस्काराला त्यांचे नाव शोभून दिसते ते केवळ त्यांच्या खेळामुळे नव्हे.

निवड व विजेते

२०१८ मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार यापूर्वी बॅलन डी'ओर मिळविलेले खेळाडू मतदान करतात. इटलीतील 'तुत्तोस्पोर्त' या दैनिकाचा २००३ पासूनचा 'गोल्डन बॉय' पुरस्कारही २१ वर्षांखालील खेळाडूंसाठीच आहे. मात्र तो युरोपातील क्लबांकडून खेळणाऱ्यांपुरता मर्यादित असून त्याची निवड मुख्यतः पत्रकार करतात.

पहिला करंडक फ्रान्सच्या किलियन एम्बापे याला मिळाला. त्यानंतर मातायस डी लिख्ट (२०१९), पेद्री (२०२१), गावी (२०२२), ज्यूड बेलिंगहॅम (२०२३) आणि लमिन यमाल (२०२४ व २०२५) हे विजेते ठरले. दोनदा विजेता ठरलेला यमाल हा पहिलाच खेळाडू होय. २०२५ पर्यंतच्या सात पुरस्कारांपैकी चार बार्सिलोना क्लबच्या खेळाडूंकडे गेले. लोपेझही त्याच क्लबची.

वयोमर्यादा

बॅलन डी'ओर एका वर्षी हुकला तर पुढल्या वर्षी मिळू शकतो. कोपा करंडकाबाबत तशी मुभा फारशी नसते. २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे बॅलन डी'ओरसह हा करंडकही दिला गेला नाही. त्या वर्षी नॉर्वेचा अर्लिंग हालांड 'गोल्डन बॉय' ठरला, पण कोपा करंडकाच्या विजेत्यांत त्याचे नाव नाही आणि आता वय उलटून गेल्याने येणेही शक्य नाही.

महासाथीचा हाच फटका भारतातील मुलींनाही बसला. १७ वर्षांखालील महिला विश्वचषक भारतात २०२० मध्ये व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्द झाला आणि अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे पार पडला. तोवर पात्रतेची जन्मतारीख बदलून १ जानेवारी २००५ वा त्यानंतरची झाली होती.

कोलंबियाची लिंडा कैसेदो फेब्रुवारी २००५ मधील, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. लोपेझ जुलै २००६ मधील. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात या दोघी समोरासमोर आल्या. सामना संपत आला असताना कोलंबियाकडून झालेल्या स्वयंगोलमुळे स्पेन १–० असा विजयी झाला आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा सुवर्ण चेंडू लोपेझला मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी पॅरिस येथे महिलांचा पहिला कोपा करंडक जाहीर झाला, तेव्हा नामांकन मिळालेल्या पाच जणींत पुन्हा या दोघी होत्या.

यजमान भारताचे तिन्ही साखळी सामने भुवनेश्वर येथे झाले. अमेरिका (०–८), मोरोक्को (०–३) व ब्राझील (०–५) या संघांकडून पराभूत होऊन भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. २००३ व २००४ मध्ये जन्मलेल्या ज्या मुली २०२० च्या स्पर्धेसाठी तयारी करीत होत्या, त्यांना या सामन्यांत खेळता आले नाही. यजमानपदामुळे भारताला मिळालेला आपसूक प्रवेश २०२२ पर्यंत टिकला. या मुलींचे पात्र वय मात्र टिकले नाही.