जमीन ‘कसेल त्याची’ झाली, मग मजूर कुणाचा? नाशिकच्या द्राक्षपट्ट्यामागची गोष्ट

दिवाळीच्या आसपास सुरगाणा, पेठ, हरसूल भागातून माणसांनी भरलेल्या जीपगाड्या आणि पिकअप दिंडोरी-निफाडच्या दिशेनं धावू लागतात. भात आणि नागलीची कापणी उरकलेली असते. द्राक्षबागांमध्ये छाटणीनंतरची कामं सुरू झालेली असतात. फेलफूट काढायची, डिपिंग करायचं, घडांची विरळणी करायची, पुढे काढणी. घाट ओलांडून येणारी ही माणसं टोळीनं काम घेतात, बरेचदा एकरावर ठरवून, उक्तं.

यातल्या अनेकांकडे गावी जमीन आहे. तरी ते वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या बागेत मजुरी करतात. महाराष्ट्रात जमीन सुधारणांचे कायदे होऊन सहा-सात दशकं लोटली. मग हे असं का? उत्तराचा एक धागा थेट कायद्याच्या व्याख्येत सापडतो.

कुळ कोण आणि कोण नाही?

‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ १९४८ साली आला. १९५६च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. किंमतही आवाक्यातली होती. जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट या मर्यादेत ती ठरायची आणि हप्त्यानं भरता यायची. पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिक भागातल्या अनेक कुळांची पुढची पिढी बागायतदार झाली, त्याचं मूळ या कायद्यात आहे. त्याचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही.

पण कूळ म्हणजे कोण? कायद्याचं कलम ४ सांगतं की दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारी व्यक्ती कूळ मानली जाईल. त्याच कलमात अपवाद आहेत. मालकाच्या घरातला माणूस कूळ नाही. रोख किंवा धान्याच्या रूपात वेतन घेणारा नोकर कूळ नाही. मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूरही कूळ नाही. उलट बाजूला, ‘स्वतः जमीन कसणे’ या शब्दांच्या व्याख्येत मजूर लावून, स्वतः देखरेख ठेवून केलेली शेतीही धरली आहे.

म्हणजे बांधावर उभा राहून मजुरांकडून काम करून घेणारा मालक कायद्याच्या नजरेत ‘कसणारा’ ठरला आणि वाकून खुरपणारी बाई ठरली नाही. सालगडी, रोजंदार, टोळीतला मजूर यांना या कायद्यातून काही मिळण्याचा मार्गच नव्हता. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा सर्वांसाठी होती, कायदा मात्र फक्त कुळांसाठी.

फिलिपिन्समध्ये जवळपास हेच घडलं. १९७२च्या तिथल्या जमीन सुधारणा आदेशात फक्त भात आणि मक्याच्या जमिनीवरची कुळं धरली होती, उसाच्या मळ्यांवरचे मजूर बाहेर राहिले. १९८८च्या कायद्यानं मजुरांनाही हक्कदार मानलं, तेव्हा ‘हासिएन्दा लुइसिता’ या मोठ्या ऊसमळ्यात जमिनीऐवजी कंपनीचे शेअर वाटण्याची पळवाट निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं जमीनवाटपाचा मार्ग मोकळा व्हायला २०१२ उजाडलं.

सीलिंगनं काय दिलं?

१९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. पुढे मर्यादा आणखी खाली आणल्या गेल्या: बारमाही पाण्याखालच्या जमिनीसाठी १८ एकर, कोरडवाहूसाठी ५४ एकर. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावसह राज्यातल्या साखर कारखान्यांच्या मळ्यांची जमीन सरकारनं घेतली, पण ती तुकडे करून वाटली नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन करून ती एकसंध ठेवली. उत्पादन घटू नये हा हेतू. पुढे दीर्घ लढ्यानंतर मूळ खंडकरी शेतकऱ्यांना किंवा त्यांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या. महामंडळाचे कामगार मात्र घरापुरत्या जागेसाठी झगडत राहिले.

आज द्राक्षपट्ट्यात सीलिंगचा उपयोगही फारसा नाही. पाच एकर चांगली बाग असलेला शेतकरी मर्यादेच्या कितीतरी आत असतो, आणि तरी हंगामात त्याला डझनावारी मजूर लागतात. शिवाय हाच बागायतदार औषधं, कर्ज आणि अवकाळी पाऊस यांनी स्वतः घेरलेला असतो. त्याच्याकडची जमीन काढून मजुराला द्यायची, असा हिशेब इथं बसत नाही.

भूमिहीनांचा प्रश्न नाशिकनंच मांडला होता

कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातलं त्यांचं काम सर्वांना ठाऊक असतं. त्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, याची आठवण कमी निघते. खासगी मालकांच्या जमिनीपुरतं न थांबता सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन भूमिहीनांना द्या, अशी मागणी होती. कुळकायद्यात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यासाठीचा हा नेमका रस्ता होता.

आज त्यांच्या नावानं राज्य सरकारची योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची. पण ती जमीन सरकारला बाजारातून विकत घ्यावी लागते, आणि ठरवून दिलेल्या कमाल दरात द्राक्षपट्ट्यात जमीन विकायला कोण तयार होणार?

सुरगाण्याची अडचण वेगळी

पश्चिमेकडच्या आदिवासी तालुक्यांत कुळकायदा आणखी एका कारणानं तोकडा पडला. इथं लोक पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होते, त्यातली बरीच वनखात्याच्या नावावर होती. मालक सरकार, कसणारा ‘अतिक्रमणदार’.

२००६च्या वनहक्क कायद्यानं ही चूक दुरुस्त करायचं ठरवलं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर वनजमीन दावेदाराच्या नावे करायची, तीही पती-पत्नी दोघांच्या नावे. पुराव्याचीही मोठी गंमत झाली. एकेकाळी वनखात्यानं दंड केल्याच्या पावत्या लोकांनी जपून ठेवल्या होत्या. त्याच पावत्या आता ताब्याचा पुरावा म्हणून पुढे आल्या.

दावे ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातात. या प्रवासात काही दावे फेटाळले गेले, काही अडकले, तर काहींना कसत असलेल्या एकरांऐवजी गुंठ्यांत जमीन मिळाली. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला, त्यात वनजमिनीची मागणी अग्रभागी होती. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मोर्चेकरी मुंबईत रात्रीतून आझाद मैदानापर्यंत चालत गेले. १२ मार्चला सरकारनं लेखी आश्वासन दिलं, वनहक्क दाव्यांसाठी सहा महिन्यांची मुदत ठरली. मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला आणि वासिंदला थांबला. वनजमिनीची मागणी तेव्हाही यादीत होतीच.

पट्टा मिळाला, पुढे काय?

पट्टा मिळाल्यावर नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात लागतं, कब्जेदार म्हणून नाही, ही मोर्चेकऱ्यांची तक्रार होती. रकाना बदलल्यानं काय होतं, असं शहरी वाचकाला वाटेल. पण वनपट्टा वारसानं मिळतो, विकता येत नाही. जमीन हातातून जाऊ नये म्हणून ही अट योग्यच आहे. मात्र तारणाला अडचण येते, त्यात सातबारा असा, म्हणून बँक पीककर्जाला हात आखडता घेते. मग बी-बियाण्याला किंवा आजारपणाला पैसा लागला की मुकादमाकडून किंवा बागायतदाराकडून उचल घेतली जाते, आणि ती फेडायला हंगामात बाग गाठावी लागते. मजुरीचा दर अशा वेळी ताणून धरता येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. सुरगाणा-पेठमध्ये पाऊस धो-धो पडतो. नार, पार आणि दमणगंगेच्या खोऱ्यांतून तो गुजरातकडे वाहून जातो. उतारावरच्या जमिनीत पावसाळ्यानंतर ओल टिकत नाही, म्हणून भात-नागली-वरईनंतर दुसरं पीक नाही. दिंडोरी-निफाडला मात्र करंजवण, वाघाड, पालखेडसारखी धरणं आणि कालवे आहेत. पाऊस कमी असूनही शेती बारमाही. सुरगाण्यात जिथं थोडी पाण्याची सोय झाली, तिथं शेतकरी स्ट्रॉबेरी घेऊन सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकू लागले. त्या काळात त्यांना आपल्याच रानात काम मिळालं.